एका धुराड्याची निवड

मोटारीच्या पोटांतला धूर बाहेर नेणारें जें धुराडें, त्यावर कोणी निबंध लिहावा ही कल्पना आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. मोटारीचें रूप, तिचा वेग, तिची बैठक, फार तर तिचें पेट्रोल पिणें, या गोष्टींविषयीं सभ्य माणसें चारचौघांत बोलतात. धुराड्याची आठवण आपणांस होते ती पुढच्या गाडीचें धुराडें नाकासमोर आल्यावरच. तथापि ज्या वस्तूकडे एरवीं कोणी ढुंकून पाहत नाहीं, तीच कधीं कधीं घरांत दोन तट पाडते, आजोबा-नातवांत अबोला उत्पन्न करते, आणि आमच्यासारख्या त्रयस्थासही पदार्थविज्ञान, कायदा व खगोलशास्त्र अशा तीन दारांशीं हेलपाटे घालावयास लावते. हें सर्व गेल्या हिवाळ्यांत खोडद येथें घडलें. आणि तें खोडद येथेंच घडलें याला थोडा अर्थ आहे, म्हणून आरंभीं त्या गांवाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे.

खोडद हें जुन्नर तालुक्यांतील गांव. पुणें-नाशिक रस्त्यावर नारायणगांव लागतें. तेथून पूर्वेकडे वळलें म्हणजे टोमॅटोचीं, कांद्याचीं आणि द्राक्षांचीं शेतें ओलांडून आपण खोडदच्या शिवारांत येतों, आणि एकाएकीं त्या हिरव्या शेतांतून आभाळाकडे तोंड करून बसलेल्या प्रचंड जाळीदार थाळ्या दिसूं लागतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही रेडिओ दुर्बीण. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ती उभी राहिली. एकेका थाळीचा व्यास ४५ मीटर. अशा एकूण ३० थाळ्या. पैकीं १४ मधल्या सुमारें एक चौरस किलोमीटरांत, आणि उरलेल्या १६ तीन दिशांना गेलेल्या तीन फांद्यांवर, एकमेकींपासून पंचवीस किलोमीटरांपर्यंत दूर. दुर्बीण म्हटलें कीं आपणांस डोळा आठवतो. परंतु ही दुर्बीण पाहते असें म्हणण्यापेक्षां ऐकते असें म्हणणें अधिक शोभेल. दूरच्या दीर्घिकांतून आणि तारकांतून येणाऱ्या रेडिओलहरी येथें पोहोंचेपर्यंत इतक्या क्षीण झालेल्या असतात, कीं शेजारीं एखादें क्षुद्र यंत्र खरखरलें तरी त्या बुडून जावयाच्या. हें स्थळ पसंत करतांना जे गुण पाहिले गेले त्यांत माणसानें माजविलेला रेडिओलहरींचा गलबला येथें कमी, हा एक प्रमुख होता. तात्पर्य, शांतता हेंच या गांवचें भांडवल आहे. मात्र ती कानाला ऐकूं येणारी शांतता नव्हे, हें पुढें ध्यानांत ठेवावें लागेल.

या गांवीं आमचे मामा राहतात. घरींदारीं त्यांस सर्वजण तात्या म्हणतात. वय ऐंशीच्या घरांत, धोतर अजून स्वतः धुतात आणि गाडी अजून स्वतः चालवितात. ती गाडी म्हणजे १९८६ सालची कॉन्टेसा. कांद्याच्या एका चांगल्या वर्षीं पुण्याच्या एका डॉक्टरांकडून त्यांनीं ती जुनी विकत घेतली, आणि तेव्हांपासून घरांतल्या प्रत्येक नवऱ्या मुलाची वरात तींतूनच निघालेली आहे.

अमेरिकेंत १९६४ सालीं पाँटियाक कंपनीनें मध्यम आकाराच्या गाडींत भलें थोरलें आठ नळकांड्यांचें इंजिन बसवून 'जीटीओ' नांवाची गाडी काढली, आणि तेव्हांपासून ज्या प्रकारच्या गाड्यांस तिकडे 'मसल कार' म्हणूं लागले, त्यांस आपण पहिलवान गाड्या म्हणूं. आपल्याकडे या पंथांत बसेल अशी गाडी शोधूं गेलें तर लोक कॉन्टेसाकडेच बोट दाखवितात. हिंदुस्थान मोटर्सनें उत्तरपाड्याच्या कारखान्यांत ती १९८४ पासून २००२ पर्यंत बनविली. लांब नाक, रुंद छाती, पुढें चार वाटोळे दिवे. सांचा मूळचा इंग्लंडांतील व्हॉक्सहॉल कंपनीचा. परंतु झांकण उघडून पाहावें तों आंत अँबॅसॅडरचेंच इंजिन! १४८९ घनसेंटिमीटर, सुमारें पन्नास अश्वशक्ति. अंग पहिलवानाचें आणि फुफ्फुसें कारकुनाचीं. पुढें याच गाडींत इसुझूचें अधिक दमाचें इंजिन आलें; पण तात्यांची गाडी त्या सुधारणेच्या आधींची, आणि त्यांना तिचा दम कधीं कमी वाटलाही नाहीं, कारण त्यांनीं ती पन्नासाच्या वर क्वचित् नेली असेल.

गेल्या मार्गशीर्षांत तात्यांस डोकेदुखी जडली. सकाळीं ठीक असत. नारायणगांवास जाऊन आले कीं कपाळ धरून बसत. थंडीमुळें कांचा चढवून गाडी चालवावयाची, हा नित्याचा परिपाठ. डॉक्टरांनीं रक्तदाब पाहिला, चष्म्याचा नंबर पाहिला; दोन्ही व्यवस्थित. अखेर रोगाचें निदान केलें तें नारायणगांवच्या मिस्त्रीनें, आणि तेंही रोग्यास न पाहतां. गाडी थंड असतां चालू केली कीं पहिलीं कांहीं मिनिटें इंजिनांतून टिक् टिक् असा बारीक आवाज येई, आणि इंजिन तापलें म्हणजे तो बंद होई. मिस्त्रीनें झांकण उघडून इंजिनाच्या डाव्या अंगाला बॅटरीचा उजेड पाडला. नळकांड्यांतून निघालेला धूर प्रथम ज्या बिडाच्या जाड फाटेदार नळींत गोळा होतो, तिच्या मधल्या फाट्याला केसाएवढी तडा गेली होती. तडेच्या दोन्ही कडांना काजळीची रेघ. बीड तापून फुगलें कीं तडा मिटते आणि आवाज थांबतो. पण तडा मिटते ती कानापुरती. वायूला तेवढी फट पुष्कळ होते.

पेट्रोलच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पटीनें घट्ट जडतो. म्हणजे बसमध्यें जागा अडवून बसणाऱ्या उतारूसारखा तो एकदां बसला कीं उठत नाहीं, आणि प्राणवायु दारांत लटकत राहतो. जुन्या गाडीच्या दर्शनी पत्र्याला तारा, केबली आणि नळ्या जाण्यासाठीं भोकें असतात. त्यांवरचीं रबरें चाळीस वर्षांत गळून पडलेलीं. तडेंतून निघालेला धूर त्या वाटेनें आंत, आणि कांचा बंद. तात्यांचें डोकें का दुखे याचा उलगडा झाला, आणि तें केवळ दुखण्यावरच थांबलें याबद्दल आम्हीं परमेश्वराचे आभार मानले. घरीं परततांना आम्ही त्यांस भाड्याच्या रिक्षांतून घेऊन आलों, आणि ते वाटभर कोणाशीं बोलले नाहींत.

आतां करावें काय? एक मार्ग, आहे तेंच बीड जोडणें. दुसरा, तसाच जुना भाग शोधणें. इंजिन अँबॅसॅडरचें असल्यामुळें कलकत्त्याच्या मल्लिक बाजारांत किंवा मुंबईस कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या दुकानांत तो मिळण्याचा संभव होता. तिसरा मार्ग नातवानें सुचविला. हा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे, आणि अमेरिकन पहिलवान गाड्यांचीं इतकीं चलच्चित्रें त्यानें पाहिलीं आहेत, कीं त्यांच्या गर्जनांवरून तो गाडीचें नांव सांगतो. तो म्हणाला, "बीड फेकून द्या. पोलादी नळ्यांचा हेडर बनवून घेऊं, मागचा सायलेन्सरही काढूं. गाडी एकदम मोकळा श्वास घेईल आणि आवाज असा येईल कीं सारा गांव बाहेर येईल!" तात्या एवढेंच म्हणाले, "गाडीबरोबर जें आलें तें गाडीबरोबरच राहील." त्यानंतर आठ दिवस त्या घरांत चहाचे कप एकमेकांपुढें मुकाट्यानें सरकविले जात होते.

येथें 'हेडर' या शब्दाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मूळच्या बिडाच्या भागास गॅरेजांत 'मेनिफोल' म्हणतात, आणि त्याच्या जागीं नळ्या वांकवून जो सुटा भाग करतात त्यास 'हेडर'. एखाद्या भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यानें यास 'धूमसंग्राहिका' असा शब्द सुचविला तर आम्ही तो आनंदानें ऐकून घेऊं, आणि गॅरेजांत जाऊन हेडरच मागूं.

हेडरानें गाडीला बळ येतें असा सार्वत्रिक समज आहे. तो खोटा नाहीं, पण अर्धवट आहे. इंजिनाच्या धुराची झडप उघडली कीं आंतला तापलेला वायु एकदम बाहेर झेंपावतो, आणि नळींतून दाबाची एक लाट धांवत निघते. तापलेल्या वायूंत ध्वनीचा वेग सेकंदास पांचशें मीटरांहून अधिक असतो. ही लाट नळी जेथें एकदम रुंद होते तेथें पोहोंचली, कीं तिचा एक अंश उलटा होऊन परत फिरतो. दाबाची लाट गेली ती ओढीची लाट होऊन येते. मीटरभर लांबीच्या नळींत हा जाण्यायेण्याचा प्रवास सेकंदाच्या अडीचशेंव्या हिश्श्याच्या आंत आटोपतो. इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असलें तर एका फेऱ्याच्या पंचमांशाएवढा हा काळ होय. ती ओढ झडप मिटण्यापूर्वीं परतली तर नळकांड्यांत रेंगाळलेला धूर ती खेंचून घेते आणि ताज्या मिश्रणास जागा करून देते. लांब नळ्या मंद गतीला मानवतात, आंखूड नळ्या जलद गतीला. सारी विद्या या वेळ साधण्यांत आहे. नळी चकचकीत असण्यांत नाहीं आणि मोठी असण्यांत तर मुळींच नाहीं. फार रुंद नळींत वायूचा वेग मंदावतो आणि ओढही सैल पडते.

आमच्या कारकुनी इंजिनाची रचना या बाबतींत मोठी मौजेची आहे. नळकांडीं चार, पण धूर बाहेर पडण्याचीं तोंडें तीनच! पहिल्या आणि चौथ्या नळकांड्याला स्वतंत्र तोंड, आणि मधल्या दोघांना मिळून एक. दोन भावांनीं एका दारांतून वावरावें तसा हा प्रकार. भांडण कां होत नाहीं? तर स्फोटांचा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे; त्यामुळें दुसरें आणि तिसरें नळकांडें यांचे उच्छ्वास बरोबर एक पूर्ण फेरा अंतरानें येतात. एक भाऊ बाहेर पडून गेल्यावर दुसरा उंबऱ्याशीं येतो. पहिल्या-चौथ्यांचेंही अंतर तेवढेंच. म्हणून या इंजिनाचा हेडर करतांना बाजूच्या दोन नळ्या एकमेकींत मिळवावयाच्या, मधली लांब ठेवून एकटी न्यावयाची, आणि पुढें त्या दोघींना एकत्र करावयाचें. चाराचा सरळ एक करणारा हेडर येथें बसत नाहीं. कितीही पैसे दिले तरी चौथें तोंड कोठून आणणार?

हें सर्व नातवास समजावून सांगत असतां आमच्या मनांत शेजारच्या थाळ्यांचा विचार आला. आकाशांतली एकच लाट तीस थाळ्यांवर निरनिराळ्या क्षणीं आदळते. पंचवीस किलोमीटर अंतर ओलांडावयास प्रकाशाला सेकंदाचा सुमारें बाराहजारावा हिस्सा लागतो. तेवढ्याही फरकाचा हिशोब ठेवून शास्त्रज्ञ सर्व थाळ्यांचे संदेश एका वेळेवर आणतात, तेव्हां कोठें चित्र उमटतें. तेथें सर्वांनीं एकदम यावें ही खटपट. येथें कोणीं दोघांनीं एकदम येऊं नये ही. नातवास हें साम्य पटलें, आणि विशेष म्हणजे त्याला तें आमच्या आधीं सुचलें नाहीं याचें किंचित् वाईटही वाटलें. पल्सर हा शब्द त्याच्या वयाच्या मुलांस चाकणच्या मोटारसायकलीवरून ठाऊक असतो. ठराविक वेळीं स्पंदणारे ते तारे मोजून विश्वाच्या पाठीमागची गुरुत्वलहरींची गुणगुण ओळखण्याच्या कामीं, जें २०२३ सालीं जाहीर झालें, घराशेजारच्या याच दुर्बिणीचा वाटा होता, हेंही त्या संध्याकाळीं निघालें.

परंतु आवाजाचा प्रश्न राहिलाच होता. अमेरिकन पहिलवान गाडीची ती गडगडणारी, अडखळत्या चालीची गर्जना नुसत्या धुराड्यांतून येत नाहीं. तिचीं आठ नळकांडीं दोन रांगांत असतात, आणि भुजदंडाच्या विशिष्ट ठेवणीमुळें एकेका रांगेतले उच्छ्वास समान अंतरानें येत नाहींत. दोन लगोलग येतात आणि मग खंड पडतो. त्या विषम तालाचा तो घनगंभीर नाद. आमच्या चार नळकांड्यांचा ताल अगदीं समान. एका फेऱ्यास दोन ठोके, तीन हजार फेऱ्यांना सेकंदास शंभर. त्यावर कोणताही हेडर चढविला तरी सनईंतून चौघडा वाजावयाचा नाहीं. नारायणगांव म्हणजे तमाशाची राजधानी. ढोलकीचा ताल आणि हलगीचा ताल यांतला भेद तेथल्या मुलाला सांगावा लागूं नये. तरीही हें नुसत्या बोलण्यानें पटलें नाहीं. तें कसें पटलें तें पुढें येईल.

कायद्याचेंही म्हणणें आम्हीं पाहून ठेवलें. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० व्या नियमाप्रमाणें प्रत्येक मोटारीला आवाज दाबणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. शेतीचा ट्रॅक्टरही यांतून सुटलेला नाहीं. १९८८च्या कायद्याचें ५२ वें कलम, नोंदणीपत्रांत लिहिलेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल करूं देत नाहीं. नळ्या बदलल्यानें इंजिनाचा क्रमांक, आकार किंवा इंधन बदलत नाहीं. सायलेन्सर काढून टाकणें मात्र सरळसरळ नियमभंग. पुण्याच्या रस्त्यांवर बुलेटांचे फटाके उडवीत जाणारे तरुण या भेदाची पर्वा करीत नाहींत. आणि खरें सांगावयाचें तर त्यांच्या धुराड्यांत शक्तीचा लवलेश वाढलेला नसतो, शेजाऱ्यांची झोंप तेवढी कमी झालेली असते.

खोडदचा आणखी एक आवाज आहे, तो आमच्या कानांस ऐकूं येत नाहीं. पेट्रोलच्या इंजिनांत मिश्रण पेटतें तें विजेच्या ठिणगीनें. हर्ट्झनें रेडिओलहरी प्रथम निर्माण केल्या त्या ठिणगीनेंच. मार्कोनीचें पहिलें प्रेषणही ठिणगीचें. म्हणजे प्रत्येक पेट्रोल गाडी हें एक लहानसें, अडाणी, सर्व लहरींवर एकदम बडबडणारें प्रेषणकेंद्र आहे. अमेरिकेंत ग्रीन बँक येथील मोठ्या रेडिओ दुर्बिणीजवळ डिझेलच्याच गाड्या नेऊं देतात, त्याचें कारण हेंच. डिझेलला ठिणगी लागत नाहीं. आतां पहिलवान गाडींत हेडर बसविला कीं त्याच्या लालबुंद नळ्या ठिणगीच्या तारांच्या अगदीं शेजारून जातात, तारांचें आवरण भाजतें, आणि गळकी ठिणगी दुप्पट बडबडूं लागते. आमच्या इंजिनांत सुदैवानें धूर डावीकडे आणि ठिणग्या उजवीकडे. पण मिस्त्रीनें रात्रीं दिवा मालवून इंजिन चालू केलें, तेव्हां चाळीस वर्षांच्या तांब्याच्या तारांवरून निळ्या ठिणग्या किड्यांसारख्या पळतांना आम्हीं सर्वांनीं पाहिल्या. नातवानें आजीचा मध्यमलहरींचा ट्रान्झिस्टर आणून झांकणाजवळ धरला. इंजिनाच्या तालावर तो तडतडूं लागला. तात्या पुढें आले, आणि आठ दिवसांनीं प्रथमच नातवास उद्देशून बोलले. "अरे, सारा गांव बाहेर येईल म्हणालास. ह्या गांवांत ऐकणारे पुष्कळ आहेत."

त्या रात्रीं तडजोड झाली. ती आमच्या वक्तृत्वानें झाली असें आम्ही म्हणणार नाहीं. बिडाचा भाग काढून मिस्त्रीनें तो दोरीला टांगला आणि हातोडीनें हलकेच वाजविला. मडकें वाजवून घेणाऱ्या बाईस जें कळतें तें तात्यांसही कळलें. आवाज बद्द निघाला. बीड जोडतां येतें, पण तें आधीं सावकाश तापवावें लागतें, निकेलच्या कांडीनें जोडावें लागतें, आणि मग राखेंत पुरून रात्रभर निवूं द्यावें लागतें. इतकें करूनही जोडाच्या शेजारीं पुन्हां तडा जाण्याची भीति राहतेच. जुन्या बाजारांतून आणलेल्या भागासही हेंच वय आणि हीच भीति. एखाद्या फुलदाणीच्या बाबतींत हा धोका पत्करावा. बंद कांचांच्या आंत ऐंशी वर्षांचा मनुष्य बसणार असतां तो पत्करूं नये, असें आमचें मत पडलें. म्हणून गाडीला हेडर लावावा, मागें सायलेन्सर मूळच्याच जातीचा ठेवावा, आणि जुनें बीड जोडून जपून ठेवावें, असें ठरलें. हें जपून ठेवण्याचें कलम तात्यांचें.

हेडर भोसरीच्या एका कारागिराकडून करवून घेतला. साधें पोलाद कीं गंजरोधक, यावर एक दिवस गेला. गंजरोधक पोलाद दिसावयास देखणें; पण तापल्यावर तें साध्यापेक्षां अधिक पसरतें, म्हणून जोड ताणले जातात, आणि किंमतही बरीच अधिक. आम्हीं साधें पोलाद घेऊन त्यावर उष्णता सोसणारा चिनीमातीसारखा लेप चढविला. कांहीं लोक नळ्यांस कांचतंतूंची पट्टी गुंडाळतात. ती पावसाळ्यांत ओल धरून ठेवते आणि साधें पोलाद आंतल्या आंत खाऊन टाकते. नळी वांकवितांना ती चेपूं नये म्हणून पूर्वीचे कारागीर तींत वाळू ठासून भरीत. या कारागिरानेंही एका अवघड वळणासाठीं तेंच केलें, आणि तें वळण यंत्रावर वांकविलेल्या इतर वळणांहून सरस उतरलें असें आम्हांस वाटलें.

बसविण्याच्या कामास सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वेळ लागला. जुने स्टड तेल पाजून पाजून आदल्या रात्रींच मऊ केले होते; घाई करून एखादा मोडला असता तर तो डोक्याच्या आंतून कोरून काढण्यांत दोन दिवस गेले असते. खरी मेख निघाली ती निराळीच. या जातीच्या इंजिनांत हवा आंत नेणाऱ्या नळीचे आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळीचे पाय शेजारीं शेजारीं असतात, आणि एकच जाड वायसर दोघांवर अर्धाअर्धा बसून दोघांनाही दाबतो. हेडरचा पाय हवेच्या पायापेक्षां सुमारें पाव सूत पातळ निघाला. डोळ्यांस दिसूं नये एवढा फरक. पण वायसर तिरका बसला कीं एका बाजूनें धूर गळणार आणि ज्या दुखण्यासाठीं ही यातायात केली तें पुन्हां दारांत उभें राहणार. मिस्त्रीनें मुकाट्यानें वायसर कानशीनें पायरीदार घासले. तीन तास तो घासत होता. नातवानें मध्येंच "एवढ्यानें काय होतें?" असें विचारलें, तेव्हां त्यानें उत्तर न देतां त्याच्या हातांत दुसरी कानस दिली.

मग नवें पॅकिंग, गंजून धरूं नयेत म्हणून पितळी नट, आणि आवळणें मधून कडांकडे, तीन फेऱ्यांत थोडें थोडें. कार्बोरेटर धुराड्याच्या थेट डोक्यावर बसतो, म्हणून मध्यें ॲल्युमिनियमचा पत्रा घातला. नाहीं तर उन्हाळ्यांत पेट्रोल भांड्यांतच उकळावयाचें. उलट बिडाच्या ऊबेनें थंडीच्या सकाळीं मिश्रण लवकर तापे, तो लाभ आतां गेला. चोक थोडा अधिक वेळ ओढून ठेवावा लागतो. धुराचा मार्ग मोकळा झाला कीं मिश्रणांत पेट्रोलचें प्रमाण किंचित् वाढवावें लागतें, तें जेट बदलून केलें. इंजिन रबरावर डुलतें आणि सांगाडा डुलत नाहीं, तेव्हां पुढें नळीला एक लवचीक गळा दिला. दर्शनी पत्र्याचीं सर्व रबरें नवीं बसविलीं; आमच्या मतें साऱ्या कामांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचें काम हेंच होतें. ठिणगीच्या तारा बदलून रोधक जातीच्या घातल्या.

सायलेन्सर जोडण्यापूर्वीं मिस्त्रीनें नातवाकडे पाहून, "एकदां ऐकून घे," असें म्हटलें, आणि उघड्या हेडरवर इंजिन चालू केलें. आम्हीं कान झांकून घेतले. कोंबड्या उडाल्या. दहा सेकंदांनीं इंजिन बंद झालें. शेजारच्या बांधावरून कोणी तरी ओरडून विचारलें, "तात्या, ट्रॅक्टर कधीं घेतला?" नातवाचा चेहरा पाहून आम्हांस हंसूं आलें, पण आम्हीं तें आवरलें, तात्यांनीं आवरलें नाहीं. सायलेन्सर त्यानें स्वतःच्या हातानें बसविला.

गाडींत फरक काय पडला, असें आम्हांस पुष्कळांनीं विचारलें. शक्ति वाढली असेल ती दोनचार घोड्यांची, आणि तेही घोडे मोजण्याचें यंत्र हाताशीं असलें तर. या इंजिनाच्या दोन्ही झडपा एकदम उघड्या असण्याचा काळ मुळांतच अल्प, तेव्हां ओढीच्या लाटेला काम करावयास सवड थोडी. चढावर गाडी पूर्वीपेक्षां कमी धांपते एवढें खरें. पातळ पोलादाला बिडापेक्षां कंठ अधिक असतो, म्हणून इंजिन निवतांना नळ्यांतून किणकिण असा बारीक नाद येतो. तात्यांस तो आवडतो असें दिसतें, कारण गाडी लावल्यावर ते हल्लीं थोडा वेळ तिच्याजवळ उभे राहतात. ट्रान्झिस्टर झांकणाजवळ धरला असतां अगदीं निमूट नसतो, पण बातम्या समजतात. डोकेदुखी गेली. आठवड्यानें, आणि पुन्हां महिन्यानें, नट आवळून घेतले. पहिल्या आवळणींत प्रत्येक नट थोडाथोडा फिरला, दुसरींत एकही फिरला नाहीं.

जुनें बीड जोडून आलें आहे. २०२१ सालच्या नियमाप्रमाणें पन्नास वर्षें उलटलेली आणि मूळ रूपांत राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येते, आणि इंजिनांत मोठे फेरफार केलेले असल्यास तो मान मिळत नाहीं. हेडर या फेरफारांत मोडतो कीं नाहीं यावर नातू आणि आम्ही बराच वेळ घोळ घालीत होतों. तात्यांनीं तो प्रश्न आपल्यापुरता केव्हांच मिटविला होता. बिडाला ग्रीस फांसून, गोणपाटांत गुंडाळून, त्यांनीं तें माळ्यावर ठेविलें, आणि गोणपाटावर खडूनें मोठ्या अक्षरांत आंकडा लिहिला: २०३६.